उत्तरेच्या गॅलरीतला कंदील

१

शनिवारी सकाळी रात्रपाळी संपवून करुणा गजभिये पेंडल हिलच्या फ्लॅटवर परतली, तेव्हा गॅलरीतला दिवा जागेवर होता आणि कंदील गेला होता. वायरला लोंबकळणारा उघडा बल्ब भर उजेडात जळत होता आणि अंगावरचं पांघरूण कोणी ओढून नेल्यासारखा ओशाळा दिसत होता.

एरवी बांबूच्या कामट्या आणि निळा कागद एवढ्याशा ऐवजाला कोणी चोरी म्हटलं नसतं. पण हा कंदील जगप्रसिद्ध होता. म्हणजे जगातल्या ज्या भागाला ॲनिमे बघायला वेळ आहे, त्या भागात. तो भाग आपल्याला वाटला होता त्यापेक्षा फारच मोठा आहे, हे करुणाच्या मैत्रिणीच्या नवऱ्याला, सुजितला, लग्नानंतर कळलं होतं.

‘हारुका घरी येते’ ही ती जपानी ॲनिमेशन मालिका. सिडनीत शिकायला आलेली हारुका प्रत्येक भागाच्या शेवटी पेंडल हिलला ट्रेनमधून उतरते, मसाल्यांच्या दुकानांवरून चालत विटांच्या एका इमारतीसमोर येते आणि वर बघते. पहिल्या मजल्याच्या गॅलरीत निळा कंदील लागलेला असतो. तो दिसला की ती हळूच म्हणते, ‘आले मी.’ संपला भाग. यात रडण्यासारखं काय आहे, असं सुजितने पहिल्यांदा विचारलं होतं. तिसऱ्या भागानंतर त्याने विचारणं सोडलं, कारण घसा साथ देईना.

मालिकेची पार्श्वचित्रं काढणाऱ्या मोरिशिता नावाच्या बाई चार वर्षांपूर्वी सिडनीत हिंडून गेल्या होत्या. त्यांनी करुणाची इमारत जशीच्या तशी काढली होती. बिजागरी निखळलेली टपालपेटी, कचऱ्याच्या लाल डब्यावर चुकून बसलेलं पिवळं झाकण, गॅलरीचा मळकट पिवळा कठडा, सगळं. मालिका लागल्यापासून लोक येत. दारातल्या लिंबाखाली उभे राहत, फोनवरचं चित्र डोळ्यांसमोर धरत, आणि तस्साच फोटो काढून धन्य होत. जपानात याला तीर्थयात्राच म्हणतात.

आणि आज संध्याकाळी खुद्द मोरिशिताबाई ती इमारत बघायला येणार होत्या.

करुणाने जवळच्या गिरावीनला राहणाऱ्या त्या मैत्रिणीला, प्रतीक्षाला फोन लावला. सुजितला पलीकडचं सगळं ऐकू येत होतं, कारण करुणा रडताना आवाज कमी करत नसे.

“सुयशनेच केलंय. दुसऱ्या कोणाकडे किल्लीच नाही. संध्याकाळपर्यंत खोली खाली कर म्हणून सांगितलंय त्याला.”

“त्याला थांबव,” प्रतीक्षा म्हणाली. “आणि तो बल्ब बंद करू नकोस.”

२

प्रतीक्षा रेडिओग्राफर. जुना आणि नवा एक्सरे शेजारी ठेवून काय बदललं ते बघायचं, हा तिचा धंदा. सुट्टीच्या दिवशी ती हेच ॲनिमेच्या चित्रांवर करी. पडद्यावर दोन सेकंद दिसलेला विजेचा खांब ती ब्लॅकटाउनच्या एका बोळात शोधून काढे, आणि मागून ट्रायपॉड घेऊन येणाऱ्या सुजितला तो खांब प्रथमच खांब म्हणून दिसे. अकरा वर्षं तो या शहरात राहत होता. शहर बघितलं मात्र त्याने बायकोच्या मागे चालताना.

करुणाच्या दारात सुयशची बॅग उघडी पडली होती. सुयश एकतीस वर्षांचा, कुरिअरची व्हॅन चालवणारा, करुणाकडे तीन वर्षं भाड्याने राहणारा. सिडनीत खोली मिळवण्यापेक्षा व्हिसा मिळवणं सोपं असतं, आणि हे दोन्ही करून बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर असते ती दमणूक त्याच्या चेहऱ्यावर होती.

“जय भीम, ताई,” तो प्रतीक्षाला म्हणाला. “मी चोर नाहीये. एवढंच.”

“मालिकेच्या चाहत्यांच्या ग्रुपवर ओसाकाच्या एका माणसाने कंदील विकणार का विचारलं,” करुणा म्हणाली, “तर याने ‘बघू’ लिहिलं! बघू!”

“ताई, मी सगळ्यांनाच ‘बघू’ म्हणतो. नाही म्हणायला जीभ वळत नाही माझी.”

“माझ्या बाबांच्या हातचा कंदील होता तो,” करुणा प्रतीक्षाकडे वळली. “बुद्धपौर्णिमेला इथे आले होते तेव्हा केला. मधलं चक्र आठ आऱ्यांचं. मी म्हटलं, झेंड्यावर चोवीस असतात. म्हणाले, झेंड्यावर असू देत, घरात उजेड देणाऱ्या चक्राला आठच. अष्टांगिक मार्ग. आता त्यांचा हात थरथरतो, प्रतीक्षा. दुसरा होणार नाही त्यांच्याकडून.”

प्रतीक्षा गॅलरीत गेली. मागोमाग सुजित. हुक वरच्या फ्लॅटच्या स्लॅबमध्ये, कठड्याच्या बाहेरच्या अंगाला होता. कंदील दोरीने हुकाला, बल्ब वेगळ्या वायरने. सुजितने डोळ्यांवर हात धरला आणि अंगातला स्वेटर काढला.

“चार वर्षं कंदील उघड्यावर,” प्रतीक्षा म्हणाली. “रंग विटला नाही?”

“उत्तरेची गॅलरी आहे ना,” करुणा म्हणाली. “ऊन लागतंच कुठे? आणि मला विचारशील तर मी दिवसा झोपलेली. ब्लाइंड्स खाली. रात्री निघताना स्विच तेवढा दाबते.”

प्रतीक्षाने एकदा सुजितच्या हातातल्या स्वेटरकडे पाहिलं.

“सुयश, बॅग भर,” ती म्हणाली. “पण चेन लावू नकोस.”

३

तळमजल्यावर विनिता राहायची. शनिवार-रविवार ती यात्रेकरूंना वडापाव विकायची आणि बाकीचे दिवस त्यांना शिव्या द्यायची.

“मी कशाला चोरू? कंदील गेला तर वडे कोण खाईल? तुमचे ते कंदीलवाले लोक चांगले आहेत हो. रांगेत उभे राहतात. आपल्या लोकांना वडे विकून बघा, मग कळेल. पण माझी कढीपत्त्याची कुंडी हलवली, त्याचा राग आहे मला.”

“कोणी हलवली?”

“आणखी कोणी? साठ्ये. कमिटीचा चेअरमन. नोटीस आली मला. ‘कुंडीमुळे इमारतीच्या दर्शनी भागास बाधा पोहोचते.’ मी म्हटलं, दर्शनी भागाला ती टपालपेटी बाधा नाही पोहोचवत? चार वर्षं तुटकी आहे. तर म्हणतो, कोटेशन येतंय. कुठून येतंय, चालत?”

ओळखीचं काहीतरी ऐकल्यासारखी करुणा म्हणाली, “मला पायपुसण्यावरून नोटीस दिली त्याने. दाराबाहेर पायपुसणं ठेवायचं नाही म्हणे. आणि कंदिलावरून तर दोनदा.”

“मागच्या वर्षी कठडे रंगवले,” विनिताला रंग चढला. “सगळे राखाडी. आणि ऐन समोरच्या कोपऱ्यात तोच जुना पिवळा! विचारलं तर म्हणे रंग संपला. असा कसा रंग संपतो, नेमका दर्शनी भागात?”

प्रतीक्षा अंगणात लिंबाखाली जाऊन उभी राहिली आणि फोन डोळ्यांसमोर धरला. चित्र आणि इमारत. इमारत आणि चित्र. बराच वेळ ती नुसती बघत होती. सुजितला हा क्षण माहीत होता. अशा वेळी तिच्याशी बोलायचं नसतं. ट्रायपॉड होऊन उभं राहायचं असतं.

“सुजित,” ती शेवटी म्हणाली, “या चित्रात काय बदललंय?”

“कंदील नाहीये.”

“आणि?”

सुजितने पुन्हा पुन्हा पाहिलं. पेटी, डबा, झाकण, कठडा.

“आणि काहीच नाही.”

“तेच,” प्रतीक्षा म्हणाली, आणि जिना चढू लागली.

४

गणेश साठ्ये दुसऱ्या मजल्यावर, करुणाच्या बरोबर डोक्यावर राहत. पंचावन्नचे, पुण्याचे, एकटे. नियमांवर त्यांचं जे प्रेम होतं ते माणसांच्या वाट्याला आलं असतं तर एकटे राहिले नसते, असं विनिताचं मत होतं. उजव्या अंगठ्याला बँडेज होतं. दार त्यांनी निम्मंच उघडलं.

“कंदिलाचं कळलं. वाईट झालं,” ते म्हणाले. “तसा तो नियमात बसत नव्हता. मी कळवलं होतं. लेखी.”

“तुम्ही ती मालिका पाहिली आहे का?” प्रतीक्षाने विचारलं.

“कार्टून? छे. वेळ कुठाय?”

“आज त्या बाई येतायत.”

“तेच तर,” साठ्ये म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात खरीच कळ उमटली. “एवढ्या लांबून येऊन रिकामा हुक बघणार. शेवटच्या भागात तर ती पोरगी नुसती उभी राहून वर बघत असते, एक शब्द बोलत नाही...” ते थांबले. “असं ऐकलं. लोक बोलतात खाली.”

“अंगठ्याला काय लागलं?”

“खुर्ची दुरुस्त करत होतो. कुसळ गेलं.”

सुजितला त्यांच्या खांद्यावरून गॅलरी दिसत होती. कोपऱ्यात पुढे आकडा असलेली लांब काठी उभी होती.

“लिंबं काढायची,” त्याची नजर बघून साठ्ये म्हणाले.

खाली उतरताना सुजितने लिंबाकडे पाहिलं. झाड जेमतेम त्याच्या डोक्यापेक्षा हातभर उंच होतं. दुसऱ्या मजल्यावरून त्याची लिंबं काढणाऱ्या माणसाला काठी नव्हे, विमान लागलं असतं.

जिन्यात सुयश भरलेली बॅग घेऊन उभा होता. “मेरीलँड्सला एक गॅरेज मिळतंय,” तो म्हणाला. “खिडकी नाहीये, पण माणूस म्हणतो एअरी आहे. पाचपर्यंत हो-नाही सांगायचंय.”

“त्यालाही ‘बघू’ म्हण,” प्रतीक्षा म्हणाली.

५

करुणाच्या जेवणाच्या टेबलावर प्रतीक्षाने लॅपटॉप उघडला. तीन वर्षांत यात्रेकरूंनी काढलेले फोटो तिने एकाखाली एक लावले होते. टोकियोचे, पर्थचे, क्लेटनच्या विद्यार्थ्यांचे. सगळ्यांनी एकाच जागी उभं राहून, एकाच गोष्टीकडे, इतक्या प्रेमाने बघितलेलं. या लोकांना आपण वेडे म्हणायचो, सुजितच्या मनात आलं. इतकी वर्षं एका गॅलरीवर एवढा चोख पहारा सरकारने तरी ठेवला असता का?

“करुणा, तू नागपूरची. तुझी उत्तरेची भिंत थंड असते, बरोबर. पण आपण,” प्रतीक्षा म्हणाली, “दक्षिण गोलार्धात राहतो. इथे सूर्य उत्तरेने जातो. मघाशी तुझ्या ‘ऊन न लागणाऱ्या’ गॅलरीत सुजितने मे महिन्याच्या गारठ्यात स्वेटर काढला.”

करुणा उघड्या दाराकडे बघत राहिली. जमिनीवर ऊन लख्ख पसरलं होतं. दहा वर्षं ती त्याच्याकडे पाठ करून झोपत होती.

“मग कागद विटायला हवा होता,” ती हळू म्हणाली.

“विटला. हे बघ. मालिका लागल्यानंतरचे पहिले फोटो. निळ्याचा राखाडी, राखाडीचा पांढुरका. आणि हा पुढच्या महिन्यातला. नवा कोरा, निळाजर्द. माणूस केस रंगवतो तसं कंदील स्वतःचं स्वतः करत नाही.”

“मी धुतला असेल,” सुयश घाईने म्हणाला, आणि सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. “नाही, म्हणजे, मी घाबरलोय.”

“आता चक्र बघा,” प्रतीक्षाने चित्र मोठं केलं. “आधीचं आठ आऱ्यांचं. नंतरचं मोजा.”

करुणाने पडद्याला बोट लावलं, आणि निम्म्यात थांबली. “चोवीस.”

“मालिकेत कंदील संध्याकाळी लागलेला असतो. उजेडात आरे विरघळतात, मोजता येत नाहीत. ज्याने नवा कंदील केला त्याने चित्रावरून केला. आणि जे दिसलं नाही ते आठवणीतून भरलं. चक्र म्हटल्यावर त्याला शाळेतला राष्ट्रध्वज आठवला. या घरातल्या कोणी केला असता तर आठच केले असते. सुयशला आठ माहीत आहेत, तुला आहेत. ज्याला माहीत नाहीत, तो या घरात कधी आलेलाच नाही.”

करुणा खुर्चीत बसली.

“म्हणजे तीन वर्षं माझ्या गॅलरीत कोणाचा कंदील लागत होता?”

६

साठ्यांचं दार या वेळी पूर्ण उघडलं, कारण सुयशने बॅग मध्ये घातली होती.

“पायपुसण्यावरून नोटीस देणारा माणूस चार वर्षं टपालपेटी दुरुस्त करत नाही,” प्रतीक्षा शांतपणे म्हणाली. “चुकीचं झाकण बदलत नाही. चित्रात नसलेली कुंडी हलवतो, चित्रात असलेला कठडा रंगवत नाही. कंदिलाला दोन नोटिसा देतो आणि एकही पुढे नेत नाही. साठ्ये, या इमारतीचा एवढाच तुकडा काळाच्या बाहेर ठेवलाय, आणि तो चित्राच्या चौकटीएवढा आहे. चोराला किल्ली लागली नाही. तो वरून आला, आकडीने. म्हणून बल्ब खाली राहिला.”

साठ्ये वळले. आत गेले. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात एक ओला निळा कंदील होता, आणि काखेत चादरीत गुंडाळलेलं काहीतरी.

“खळ वाळली नाही,” ते म्हणाले. “काल रात्री माझा जुना उतरवला. म्हटलं, बाई यायच्या आत नवा लावू. सकाळी हवा दमट होती. तेवढ्यात खाली रडारड सुरू झाली.”

“पण का?” करुणा म्हणाली.

“सुखदा. माझी मुलगी. दूर क्लेटनला युनिव्हर्सिटीत शिकते. तिची आई गेल्यापासून आमचं फारसं... ती रविवारी फोन करते. पूर्वी हवापाणी विचारून ठेवायची. मग ही मालिका आली. एक दिवस म्हणाली, बाबा, तो कंदील खरंच आहे का आपल्याकडे? मी खाली वाकून पाहिलं तर पार रद्दीसारखा झालेला. मी म्हटलं, आहे. निळा आहे.” त्यांनी ओल्या कंदिलाकडे पाहिलं. “मग तो निळा असायला हवा होता. आता आम्ही तासभर बोलतो. सगळे भाग पाठ आहेत मला.”

सुजितला तिसरा भाग आठवला आणि त्याने घसा साफ केला.

“ते सगळं ठीक,” प्रतीक्षा म्हणाली. “आणि सुयश?”

साठ्यांची मान खाली गेली. “मी ऐकत होतो वरून. चारदा जिन्यापर्यंत आलो. नोटिसा देणारा मीच, आणि... मला लाज वाटली.”

“काका,” सुयश म्हणाला, “तुमच्या लाजेपायी मी गॅरेजमध्ये राहायला निघालो होतो. खिडकी नसलेल्या.”

“चुकलं,” साठ्ये म्हणाले. नोटिशीत हा शब्द त्यांनी कधी वापरला नसावा. उच्चारायला वेळ लागला.

“मला विचारायचं होतंत,” करुणा म्हणाली. “मी तुम्हाला आरे मोजून दिले असते. एकदा खाली येऊन विचारायचं.”

“तेच,” साठ्ये म्हणाले. “खाली यावं लागलं असतं.”

दोन घरांमध्ये चौदा पायऱ्या होत्या आणि दहा वर्षं.

मग त्यांनी चादर सोडली. आत करुणाच्या बाबांचा, रामभाऊंचा कंदील होता. कागद पांढराफटक, कडा जीर्ण, पण एकही कामटी मोडलेली नव्हती. “हा टाकवला नाही,” ते म्हणाले. “इतकं सुबक काम. मी तीन केले, एकालाही ती कमान जमली नाही.”

करुणाने कंदील दोन्ही हातांत घेतला आणि नागपूरला व्हिडिओ कॉल लावला. रामभाऊंनी चष्मा लावून आधी आपला कंदील पाहिला, मग साठ्यांचा.

“हे कोणी बनवलं?”

“मी. गणेश साठ्ये. वरच्या मजल्यावरचा.”

“आरे जास्त झाले जी,” रामभाऊ म्हणाले. “पण कामटी बरी तासली तुम्ही. खालून वर तासत जा. अंगठा वाचेल.”

७

संध्याकाळी लिंबाखाली तीसेक माणसं उभी होती आणि कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. मोरिशिताबाई बुटक्या, पांढऱ्या केसांच्या, पाठीवर सॅक. कोणता कंदील लावायचा यावर वर वाद झाला होता. साठ्ये म्हणत होते, निळाच, चित्राशी जुळायला हवा. करुणाने न ऐकता बाबांचा लावला.

तिने स्विच दाबला. पांढुरक्या कागदातून पिवळसर उजेड पसरला, आणि तीन वर्षांनी पहिल्यांदा आठही आरे खालून स्पष्ट दिसले.

बाईंनी फोन काढला नाही. वर बघत उभ्या राहिल्या. त्यांना फसवल्यासारखं वाटत असेल, अशी सुजितला धास्ती वाटली. मग त्या काहीतरी म्हणाल्या आणि सोबतच्या मुलीने ते इंग्रजीत सांगितलं.

त्या म्हणाल्या होत्या, हारुका इतक्या वर्षांनी खरंच परत आली असती, तर तिला हाच दिसला असता.

विनिता वडे तळायचे सोडून डोळे पुसत होती. प्रतीक्षाने कॅमेरा खाली ठेवला. सुजितने बायकोकडे पाहिलं. जगात जे सगळ्यांच्या समोर असतं ते बघायला एवढी मेहनत लागते, आणि ही बाई ती सुट्टीच्या दिवशी करते.

गर्दी पांगल्यावर साठ्ये लिंबाखाली आले. त्यांनी तिथेच पडून राहिलेली सुयशची बॅग उचलली. सुयश म्हणाला, “राहू द्या हो काका, चाकं आहेत तिला.” त्यांनी ऐकलं नाही. पहिल्या मजल्यापर्यंत ती बॅग हातातच उचलून नेली, धापा टाकत, आणि करुणाच्या उघड्या दाराशी थांबले.

दाराबाहेर पायपुसणं होतं. नोटीस दिलेलं.

“आत या,” करुणा आतून म्हणाली. “चहा टाकलाय. आधी ती बॅग त्याच्या खोलीत ठेवा.”

साठ्यांनी खाली पाहिलं. मग दोन्ही चपला काढल्या, पायपुसण्यावर पाय नीट पुसले, आणि आत गेले.